मिलाने हिगिटाच्या पायातून चेंडू पळवला, त्यात चूक कोणाची?

डावखुरा

परवा आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी पुन्हा ती क्लिप टाकली. 23 जून 1990, इटलीतला विश्वचषक, नेपल्स, कॅमेरून विरुद्ध कोलंबिया, जादा वेळ. कोलंबियाचा गोलकीपर रेने हिगिटा स्वतःचा गोल सोडून पार पुढे आलेला, पायात चेंडू, समोर 38 वर्षांचा रॉजर मिला. हिगिटा त्याला चकवायला जातो, मिला अलगद चेंडू काढून घेतो आणि रिकाम्या गोलकडे पळत सुटतो. मागून हिगिटा केस उडवत धावतोय, शेवटी घसरून पाय घालायचाही प्रयत्न करतो, पण तोवर सगळं आटोपलेलं. ग्रुपवर लगेच हसरे चेहरे पडले. "वेडा तो वेडाच", "माकडचेष्टा", "याला कोणी गोलमध्ये उभं केलं" वगैरे.

मला हे दरवेळी खटकतं. हिगिटाला त्याच्याच देशात 'एल लोको' म्हणजे वेडा म्हणत, हे खरं. पण ते वेड त्या संघाच्या खेळाचा पायाच होतं. प्रशिक्षक फ्रान्सिस्को मातुराना बचावफळी इतकी वर चढवायचे की मागे अर्धं मैदान मोकळं पडायचं. ते मोकळं मैदान राखायचं काम हिगिटाचं. तो नुसता कीपर नव्हता, अकरावा खेळाडू होता. याच पद्धतीने मातुराना आणि हिगिटाने 1989 मध्ये मेडेयिनच्या अ‍ॅटलेटिको नासिओनालला कोपा लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून दिली. त्याआधी कोलंबियाच्या एकाही क्लबला ती मिळाली नव्हती. याच पद्धतीने 1990 मध्ये पुढे विश्वविजेत्या झालेल्या पश्चिम जर्मनीला 1-1 रोखलं. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

मग तेच काम करताना एकदा फसलं की दोष एकट्याचा कसा? चूक हिगिटाची, त्याला तिथे उभं करणाऱ्या मातुरानाची, की कीपर एवढा पुढे आहे आणि मिला अंगावर येतोय हे दिसत असूनही त्याच्याकडेच चेंडू परत देणाऱ्या बचावपटूची? माझं मत मातुरानाच्या खात्यात. तुमचं सांगा.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पहिला.

पेठेतला

डावखुरे, लेख झ्याक. पण आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुठल्या कीपरनं हे केलं असतं ना, तर मॅच संपल्यावर त्याला पेठेत यायला रात्र व्हायची वाट बघायला लागली असती. कीपर म्हंजे घराचं कुलूप. कुलूपच गावभर फिराय लागलं तर घर कुणी बघायचं?

आमच्यात बी एक असला नग हुता. नाव सांगत न्हाई, अजून चहाच्या गाड्यावर भेटतोय. कॉर्नर मिळाला की गोल सोडून थेट समोरच्यांच्या गोलपुढच्या डीमधी. तालमीतली म्हातारी माणसं कट्ट्यावरनं नुसती शिव्या घालायची. आणि गोल झाला की तीच माणसं त्याला खांद्यावर घ्यायची. त्यामुळं मातुराना-बितुराना काय म्हाईत न्हाई, पण पब्लिक सगळीकडं सारखंच.

खिडकीतली_मनी

मला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही, पण हे केस आठवतात! दूरदर्शनवर मॅच होती, आमच्याकडे रात्री साडेआठला सुरू झाली आणि जादा वेळेमुळे जेवणं पार लांबली. एकाचे सोनेरी झुपके (वाल्देरामा ना तो?) आणि हा काळ्या कुरळ्यांचा. आजी म्हणाली, या दोघांना आधी तेल लावून कोणीतरी वेण्या घाला, मग खेळू देत.

तो चेंडू गेला तेव्हा बाबा टीव्हीला उद्देशून जे बोलले ते इथे लिहिलं तर प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे) होईल.

अर्धविराम

असहमत, आणि सविस्तर असहमत.

धागाकर्त्याने एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. ती म्हणजे स्कोअर. मिलाने पहिला गोल केला 106व्या मिनिटाला, म्हणजे कोलंबिया आधीच मागे होती. हिगिटाचा पराक्रम त्यानंतर दोनतीन मिनिटांतला, 2-0. आणि मग 115व्या मिनिटाला रेदिनने कोलंबियाचा गोल केला. सामना संपला 2-1. आता ती मधली भानगड काढून टाका. 1-1 उरतं, म्हणजे पेनल्टी शूटआउट. आणि शूटआउटमध्ये कोलंबियाच्या गोलात कोण उभा असता? जो माणूस वर्षभर आधी लिबर्टाडोरेसच्या अंतिम सामन्यात चार पेनल्टी अडवून बसला होता तोच!

म्हणजे त्याने नुसता एक गोल खाल्ला नाही, स्वतःचं सगळ्यात मोठं हत्यार वापरायची संधीही घालवली. यात मातुराना कुठून आले?

पेठेतला यांच्या कुलपाशी सहमत.

डावखुरा

@अर्धविराम, 106व्या मिनिटाचा मुद्दा उलट माझ्या बाजूचा आहे. संघ 1-0 ने मागे, हातात पंधराएक मिनिटं. अशा वेळी कीपरने गोलरेषेवर उभं राहून काय राखायचं? चेंडू लवकर पुढे गेला पाहिजे म्हणूनच तो पुढे आला होता.

@मनी, हो, सोनेरी झुपके कोलंबियाचा कर्णधार वाल्देरामा याचेच.

आकडेमोड्या

1989 च्या त्या फायनलबद्दल थोडं, कारण आजच्या पोरांना ती माहीत नसते. समोर पॅराग्वेचा ओलिंपिया. पहिला सामना असुन्सिओनमध्ये, नासिओनाल 0-2 हरलं. परतीचा सामना खरं तर मेडेयिनमध्ये व्हायचा, पण तिथलं मैदान फायनलच्या नियमात बसण्याएवढं मोठं नव्हतं, म्हणून तो बोगोटाच्या एल काम्पिनवर हलवला. तिथे नासिओनाल 2-0 जिंकलं, एकूण बरोबरी. मग पेनल्टी. पाच-पाच झाल्या तरी निकाल लागेना, शेवटी नऊ-नऊ पेनल्टी मारल्या गेल्या. 5-4. हिगिटाने चार अडवल्या, वर स्वतः एक मारली. शेवटची लिओनेल अल्वारेझने मारली.

त्याच वर्षाच्या शेवटी टोकियोत एसी मिलानशी गाठ. बारेसी, माल्दिनी, रायकार्ड, व्हॅन बास्टन असलेला तो मिलान. त्यांनाही 119 मिनिटं गोल करू दिला नाही, मग इव्हानीच्या फ्री किकवर सामना गेला.

आणि गोल! कारकिर्दीत 41, त्यातले 3 देशासाठी, बहुतेक सगळे पेनल्टी किंवा फ्री किकवर. 1995 च्या लिबर्टाडोरेस उपांत्य फेरीत रिव्हर प्लेटविरुद्ध त्याने फ्री किकवर मारलेला गोल शोधून बघा. पहिला सामना त्या एका गोलावर 1-0 जिंकला. परतीचा 0-1 हरले, पुन्हा पेनल्टी, आणि पुन्हा नासिओनाल पुढे. अर्थात फायनलला ब्राझीलच्या ग्रेमिओने पाणी पाजलं.

चहाबाज

म्हणजे गोल वाचवायचेही त्यानेच आणि मारायचेही त्यानेच. बाकीचे दहा काय मटार सोलत होते?

हॅरोचा_पाहुणा

हिगिटाचा धागा आणि अजून विंचू कसा निघाला नाही?

मी वेम्बलीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहतो. 6 सप्टेंबर 1995 ला जुन्या वेम्बलीवर इंग्लंड-कोलंबिया मैत्रीपूर्ण सामना झाला, 0-0. खेळ म्हणून आठवण्यासारखं फार काही नव्हतं. प्रेक्षक वीस हजारांच्या आसपास, म्हणजे त्या अवाढव्य मैदानात बहुतेक खुर्च्या रिकाम्या. आणि तरी इथल्या पबमध्ये पन्नाशी ओलांडलेला कोणीही गृहस्थ भेटला की तो त्या दिवशी तिथेच होता! एवढे सगळे खरोखर तिथे असते तर दारं मोडली असती.

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी: जेमी रेडनॅपने लांबून चेंडू उचलला. तो फटका होता की कोणाला दिलेला क्रॉस, यावर एकमत नाही. चेंडू इतका निवांत तरंगत आला की कुठल्याही शाळकरी कीपरने दोन्ही हातांत झेलला असता. हिगिटा हात वर करत नाही. चेंडू डोक्याच्या जवळजवळ पलीकडे जाऊ देतो, आणि मग पुढे झेप टाकतो. तळहात जमिनीकडे, छाती खाली, आणि दोन्ही पाय गुडघ्यात मुडपून विंचवाच्या नांगीसारखे पाठीवरून वर येतात. टाचा-तळव्यांनी चेंडू मागच्या मागे उडवला जातो. एवढं करून तो तळहातांवर उतरतो, उठतो आणि काहीच झालं नसल्यासारखा चालायला लागतो. समालोचकाची दातखीळ बसलेली ऐकू येते.

आता मुद्द्यावर. तो चेंडू पायाला लागला नसता तर गोल होता. तरीही त्याने केलं. म्हणजे नेपल्सनंतर पाच वर्षांनीही माणूस तसाच. इथे मातुराना काय सांगणार होते? कुठल्याच डावपेचात विंचू बसत नाही. त्यामुळे माझं मत अर्धविरामांना.

साक्षेपी

विंचवाच्या वेळी लाइनमनचा झेंडा ऑफसाइडसाठी वर होता, म्हणजे गोल धरलाच नसता, असं सांगतात. तो हिगिटाला दिसला होता का, हा वादाचा विषय. दिसला असेल तर तुमचा "गोल होता" हा मुद्दा लंगडा पडतो.

शिवाय हा प्रकार त्याने त्या क्षणी शोधून काढलेला नव्हता. सरावात तो वर्षानुवर्षं करत होता, फक्त हवा तसा चेंडू कोणी देत नव्हतं. मोठ्या सामन्यात तो रेडनॅपने दिला.

पेठेतला

वर्षानुवर्षं विंचवाची प्रॅक्टिस! घरच्यांनी काय म्हटलं असंल?

साक्षेपी

चहाबाज किंवा पेठेतला यांना आवरा कोणीतरी. :)

बॅकपासबद्दल लिहायचं होतं. 1992 पर्यंत सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू कीपर आपल्या डीमध्ये बिनधास्त हातात घेऊ शकत होता. त्यामुळे आघाडी मिळालेला संघ काय करायचा? बचावपटू कीपरला देणार, कीपर हातात घेणार, चार पावलं चालणार, परत बचावपटूला देणार. 1990 च्या विश्वचषकात या रटाळपणाने कळस गाठला. 52 सामन्यांत 115 गोल, म्हणजे सामन्यामागे सव्वादोनसुद्धा नाहीत. पालेर्मोला झालेला आयर्लंड-इजिप्त 0-0 हा सामना कोणी पुन्हा पाहिला असेल तर त्याला माझ्याकडून नारळ. म्हणून 1992 मध्ये नियम बदलला आणि असा पास हातात घेणं बंद झालं.

हा नियम आपल्यामुळे आला असं हिगिटा सांगतो. मला ते पटत नाही. नियम आला तो वेळकाढू कीपरांमुळे, आणि हिगिटा तर त्यांच्या बरोबर उलट. पण याचा दुसरा अर्थ बघा. बाकी सगळ्या कीपरांना 1992 नंतर पायाने खेळणं भाग पडलं. हिगिटा ते आधीपासून करत होता, आणि तेही हातात घ्यायची मुभा असताना. आज ब्राझीलचा एडरसन किंवा जर्मनीचा नॉयर हे कीपर जे करतात त्याचं कौतुक करायचं आणि हिगिटाला माकड म्हणायचं, हे दुटप्पी आहे.

2014 मध्ये अल्जीरियाविरुद्ध नॉयर किती वेळा डीच्या बाहेर धावत आला होता आठवा. दुसऱ्या दिवशी सगळे त्याला आधुनिक कीपर म्हणत होते.

ताळगावचा

साक्षेपी, नॉयर बाहेर येऊन चेंडू उडवायचा नाहीतर सोबत्याला द्यायचा. समोरच्या माणसाला चकवायला बसायचा नाही. फरक आहे बाबा.

आमच्या गोव्यात कीपर म्हटलं की ब्रह्मानंद शंखवाळकर. आमच्या ताळगावचा, साळगावकर क्लबचा, भारताचा कर्णधार, अर्जुन पुरस्कार. त्याला खेळताना बघितलेली माणसं सांगतात की त्याची झेप आठवत नाही, कारण चेंडू जिथे यायचा तिथे हा आधीच उभा. माझे पप्पा म्हणायचे, चांगल्या कीपरचे कपडे मॅच संपल्यावर स्वच्छ असतात. त्या हिशोबाने हिगिटाच्या घरी साबणाचा खर्च किती असेल तो देवच जाणे.

पण खरं सांगू? आम्ही पोरं मैदानावर ब्रह्मानंद कधीच व्हायचो नाही. सगळ्यांना हिगिटाच व्हायचं असायचं. विंचू मारायच्या नादात दोघांनी हनुवट्या फोडून घेतल्या.

आकडेमोड्या

विक्षिप्त कीपर निघालेच आहेत तर थोडं अवांतर.

पॅराग्वेचा चिलावर्ट: 1999 मध्ये व्हेलेझकडून खेळताना एकाच सामन्यात तीन पेनल्टी मारून हॅट्ट्रिक. कीपरची हॅट्ट्रिक! ब्राझीलचा रोजेरिओ सेनी: जवळजवळ सगळी कारकीर्द साओ पाउलोत, 131 गोल. काही स्ट्रायकरांना एवढे जमत नाहीत. लिव्हरपूलचा ग्रॉबलार: 1984 च्या युरोपियन कपच्या फायनलला रोममध्ये, रोमाच्याच विरुद्ध, पेनल्टीच्या वेळी पाय लटपटल्याची नक्कल करत उभा राहिला. कोन्ती आणि ग्राझियानी दोघांनी चेंडू बाहेर घालवला. एकवीस वर्षांनी इस्तंबूलमध्ये दुदेकने तेच पुन्हा केलं आणि लिव्हरपूल पुन्हा जिंकलं.

पण यातला एकही हिगिटासारखा चेंडू घेऊन मध्यरेषेकडे निघायचा नाही. चिलावर्ट आणि सेनी चेंडू ठेवून मारायचे, ग्रॉबलार नाटक करायचा. हिगिटाचा वेडेपणा चालू खेळातला होता. त्यामुळे त्याची किंमतही चालू खेळातच मोजावी लागली.

काळीसावळी

सगळे खेळाबद्दलच बोलताय. 1993 बद्दल कोणीच का लिहीत नाही?

मेडेयिनमधल्या एका अपहरणात हिगिटा मध्यस्थ झाला. मुलगी सुटली, आणि तिच्या कुटुंबाकडून त्याने पैसे घेतले. कोलंबियाच्या कायद्याने अपहरणातून कोणत्याही मार्गाने पैसे मिळवणं गुन्हा. सुमारे सात महिने तुरुंगात काढले, नंतर आरोप न ठेवता सोडून दिलं. त्याचं म्हणणं असं की मी फुटबॉलपटू, मला अपहरणाचे कायदे काय माहीत. त्याआधी ड्रग माफिया पाब्लो एस्कोबारला तो भेटायला गेला होता, तेही एस्कोबार ला कातेद्रालच्या तुरुंगात असताना, उघड उघड. हे सगळं त्याच शहरातलं, त्याच वर्षांतलं. पुढे 2004 मध्ये इक्वेडोरच्या औकास क्लबकडून खेळताना कोकेनच्या चाचणीत सापडला.

मला तो माणूस आवडतो, पण "गोड वेडा" म्हणून सगळं झाकायचं हे मला जमत नाही.

डावखुरा

@काळीसावळी, झाकायचं नाहीच. पण त्या काळच्या मेडेयिनमध्ये क्लब, पैसा आणि टोळ्या यांच्यात रेघ कुठे ओढायची हा प्रश्न एकट्या हिगिटाचा नव्हता. गरीब घरातला, आजीने वाढवलेला पोरगा. विशीत सगळं शहर त्याला ओळखायला लागलं. कोणी "बोलणी कर" म्हटलं तर नाही म्हणायची सोय किती असेल, कोण जाणे. पैसे घेतले ते चुकलंच.

आणि त्याची शिक्षाही मोठी झाली. तो आत असतानाच, 5 सप्टेंबर 1993 ला, कोलंबियाने ब्युनोस आयरेसमध्ये जाऊन अर्जेंटिनाला 5-0 हरवलं. त्यांच्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा दिवस, आणि गोलात ऑस्कर कोर्डोबा. 1994 चा विश्वचषकही हिगिटाच्या हातून गेला.

चहाबाज

94 चा विश्वचषक हातून गेला ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

काळीसावळी

@चहाबाज, यावर विनोद नको. त्याच विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून (पाब्लोशी नातं नाही) अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला आणि 2 जुलै 1994 ला मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. 1989 च्या नासिओनाल संघात आणि नेपल्सलाही हिगिटासमोर तोच बचावात होता.

चहाबाज

विनोद म्हणून लिहिलं नव्हतं. तुम्ही म्हणता तेच डोक्यात होतं.

हॅरोचा_पाहुणा

याच आंद्रेस एस्कोबारने 1988 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध हेडरने गोल केला होता, सामना 1-1 सुटला. त्याही दिवशी कोलंबियाच्या गोलात हिगिटाच. इथल्या लोकांना फक्त 95 चा विंचू आठवतो.

नारळीपाक

आत्ताच सगळा धागा वाचून काढला, मजा आली. एक माहिती: केरळात हिगिटा म्हटलं की साहित्यवाले लोकही कान टवकारतात. त्याच्या नावाची एक मल्याळम कथा तिकडे फार गाजलेली आहे, नायक चक्क पाद्री. आपल्याकडे कोल्हापूर आहे, मुंबईची मैदानं आहेत, शेजारी गोवा आहे, आणि मराठीत फुटबॉलवर दोन बऱ्या कथा शोधायच्या तर नाकी नऊ येतात. पेठेतला, तुम्ही त्या चहाच्या गाड्यावरच्या कीपरवर लिहाच.

पेठेतला

लिहिलं असतं वो, पर तो वाचतोय हितं.

गोलपोस्टमागची_आई

मी इथे सहसा वाचनमात्र असते, पण धाग्याचा प्रश्न आमच्या घरात दर रविवारी येतो म्हणून लिहिते.

माझा मुलगा तेरा वर्षांचा, पुण्यात एका अकादमीत कीपर आहे. त्याच्या प्रशिक्षकांचा नियम असा की गोल किक लांब मारायची नाही. जवळच्या बॅकला द्यायची, तो परत देणार, मग हा दुसऱ्या बाजूला देणार. समोरची तीन पोरं अंगावर धावून आली तरी तेच. मुलांची मैदानं कशी असतात तुम्हाला माहीत आहे. मध्ये खडा असतो, चेंडू उडतो, पायाखालून जातो आणि गोल. मग बाकीचे पालक माझ्या पोराच्या नावाने ओरडतात. प्रशिक्षक खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत असतात. त्यांनी एकदा तरी वळून "मी सांगितलंय त्याला" एवढं म्हणावं, इतकीच माझी अपेक्षा आहे. ते म्हणत नाहीत.

परवा तो घरी येऊन म्हणाला, आई, मी मारू का लांब? काय सांगायचं?

म्हणून माझं मत डावखुरा यांना. ज्याने तिथे उभं केलं त्याने आधी पुढे यावं.

अर्धविराम

@गोलपोस्टमागची_आई, तुमच्या मुलाची बाजू शंभर टक्के बरोबर. त्याला लांब मारू नको म्हणून सांगितलंय, तो तेच करतोय. जबाबदारी सांगणाऱ्याची. त्या प्रशिक्षकांशी एकदा स्पष्ट बोलाच, आणि मुलासमोर बोला.

पण हिगिटाचं तसं नाही. मातुरानांनी त्याला पुढे ये म्हणून सांगितलं होतं, मान्य. बचावाच्या मागचं मैदान राख, मान्य. पास दे, मान्य. नेपल्सला त्याला पास द्यायला जागा नव्हती का? होती. लांब उडवून द्यायला कोणी अडवलं होतं का? नाही. त्याने चेंडू तळव्याखाली ओढून मिलाला चकवायचं ठरवलं. पुढे येणं हा डावपेच, ते ओढणं हा हिगिटा. माझ्या मते रेघ तिथे आहे. खुद्द हिगिटा नंतर म्हणाला होता की ती घराएवढी मोठी चूक होती. त्याने मातुरानांकडे बोट दाखवलं नाही.

डावखुरा

रेघ चांगली ओढलीत, पण ती मातुरानांनी कधी ओढली होती का? हिगिटा ते तळव्याखाली ओढणं नासिओनालसाठी करत होता, देशासाठी करत होता, लोक उभे राहून ओरडत होते आणि बाकावर कोणी कपाळाला हात लावत नव्हतं. प्रशिक्षक जे दहा वेळा चालू देतो ते अकराव्या वेळी त्याचंच असतं. हिगिटाने बोट दाखवलं नाही हा त्याचा मोठेपणा, मातुरानांची सुटका नव्हे.

आणि मिलाचा विचार केलात का? मिला आणि वाल्देरामा फ्रान्समध्ये मोंपेलियेला एका संघात होते. हिगिटा काय करतो हे मिलाला चांगलं ठाऊक असणार. क्लिप हळू लावून बघा. तो चेंडूवर झडप घालत नाही, थोडा थांबतो. हिगिटा ओढणार याची वाटच बघतोय. ज्या खेळीचं सगळ्यांना कौतुक, ती खेळी समोरच्यालाही पाठ होते. हे हेरणं कोणाचं काम?

साक्षेपी

म्हणजे आता तिसरा उमेदवार: वाल्देरामा. चूक त्याची, मोंपेलियेत जास्त गप्पा मारल्या.

खिडकीतली_मनी

त्या केसांवर माझा पहिल्यापासून संशय होता.

ताळगावचा

मी मत देतो: साठ टक्के हिगिटा, चाळीस मातुराना. आणि मिलाला शंभर टक्के श्रेय. अडतिसाव्या वर्षी, बदली म्हणून येऊन, 109व्या मिनिटाला तेवढं पळणं! त्याला या धाग्यात कोणी विचारतच नाही. गोल झाल्यावर कॉर्नरच्या झेंड्याजवळ कंबर हलवत नाचला तो सुद्धा हाच.

गोलपोस्टमागची_आई

सगळ्यांचे आभार. बोलले मी प्रशिक्षकांशी, मुलाला शेजारी उभं करून. म्हणाले, पुढच्या सामन्यापासून चेंडू कोणाकडे द्यायचा हे मी बाजूने ओरडून सांगत जाईन. बघू. मुलाला मात्र ही क्लिप दाखवली. त्याने पाच वेळा पाहिली आणि म्हणाला, डाव्या पायाने ओढायला पाहिजे होतं.

पेठेतला

पोरगं हिगिटा हुणार. वैनी, हनुवटी सांभाळा त्याची.

आकडेमोड्या

कोणीतरी मेक्सिकोच्या होर्हे काम्पोसचाही विषय काढा. उंचीने बुटका, कधी कीपर तर कधी स्ट्रायकर म्हणून खेळायचा, आणि जर्सी स्वतःच डिझाइन करायचा.

साक्षेपी

वेगळा धागा काढा, इथे भर घालू नका.

चहाबाज

आणि काढलात तर वर सूचना टाका: फोटो उघडण्याआधी मोबाइलचा ब्राइटनेस कमी करा.